मातीतली शेंग आपलं आपण जेवते

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटातून आणलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा मी परवा सोलायला बसले. टरफल जाड, जाळीदार, दिसायला भरघोस. अंगठ्याने दाबलं की टचकन फुटायचं आणि आत दाण्याच्या जागी सुरकुतलेली कातडी. दहातल्या तीन-चार पोचट. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाणी कमी पडलं असेल.’’ पाणी हे एक कारण खरं, पण मला आमच्या गच्चीवरचं पिंप आठवलं. त्यात मी भुईमूग लावला होता, शेणखत घातलं, वर युरियाही दिला. पाला हिरवागार माजला. पाणी रोज. तरी शेंगा अशाच फोल निघाल्या.

याचं उत्तर भुईमुगाच्या विलक्षण रचनेत आहे. फूल जमिनीवर उमलतं. फळ धरलं की त्यातून एक टोकदार देठ खाली वाढतो. शेतकरी त्याला आरी म्हणतात. आरी मातीत चार-पाच सेंटिमीटर शिरते, आडवी होते आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग भरते. आऱ्या नीट मातीत जाव्यात म्हणून पिकावरून रिकामं पिंप फिरवतात, ते यासाठीच.

आता कॅल्शियमचं बघा. ते कमी पडलं की शेंगेत दाणा भरत नाही. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाण्याची वाफ होते तिथेच, म्हणजे पानांत, जाऊन बसतं. तिथून ते परत खाली येत नाही. पानात तयार झालेली साखर शेंगेकडे उतरते, कॅल्शियम मात्र जवळजवळ नाहीच. ओल्या मातीत दडलेल्या शेंगेतून वाफही होत नाही, त्यामुळे मुळांकडून थेट ओढ लागत नाही. मग शेंग करते काय? आपल्या टरफलातून भोवतालच्या मातीतलं कॅल्शियम स्वतः शोषते. 1949 मध्ये अमेरिकेत किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून हे तपासलं गेलं. मुळांना दिलेलं शेंगेत फारसं पोचलं नाही, शेंगेच्या मातीत दिलेलं पोचलं. मला हा प्रयोग फार आवडतो. झाड एकच, पण शेंगेचं ताट वेगळं.

म्हणून जिप्सम हे खनिज मातीत घालतात. त्यात साधारण 23 टक्के कॅल्शियम आणि 18 टक्के गंधक असतं. हेक्टरी 400 किलोची शिफारस सहसा आढळते. निम्मं पेरणीला, निम्मं आऱ्या सुटताना, झाडाच्या बुंध्याशी वरच्या थरात. खोल गाडलं तर शेंगेला उपयोग नाही. मोठ्या दाण्याच्या जातींना कॅल्शियम जास्त लागतं, आणि त्याच थरात पालाश (पोटॅशियम) फार झालं तर ते कॅल्शियमच्या आड येतं. माती कोरडी पडली तर कॅल्शियम विरघळतच नाही. सासूबाईंचं म्हणणं इथे बरोबर ठरतं.

नत्राचं (नायट्रोजनचं) मात्र उलट. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, त्यामुळे पेरणीला हेक्टरी 20-25 किलो पुरतं. गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर ती कामाला लागलेली आहे. माझ्या पिंपातल्या युरियाने पाला वाढवला आणि गाठी आळशी केल्या. स्फुरद (फॉस्फरस) साधारण 50 किलो. ते सिंगल सुपर फॉस्फेट या खतातून दिलं तर गंधक आणि कॅल्शियमही जातं, डीएपीतून (डाय-अमोनियम फॉस्फेटमधून) दोन्ही नाही. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि तेलबियांना गंधक हवंच. आमच्या वडोदऱ्याजवळ फर्टिलायझरनगरात अमोनियम सल्फेट बनतं, त्यातही सुमारे 23 टक्के गंधक असतं, पण कॅल्शियम नाही. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडतात, ती लोहाची हाक.

आणि कुटासाठी भाजलेल्या दाण्याच्या दोन डाळिंब्या वेगळ्या करताना आत मधोमध तपकिरी खळगा दिसला, तर त्या शेतात बोरॉन कमी पडलं होतं.