खांदेरी, उंदेरी आणि भांगाचं पाणी

अलिबागच्या बीचवरून कुलाबा किल्ला बघितला की वाटतं हा एकटाच पाण्यात बसलाय. पण नकाशा उघडा. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी, तिच्या शेजारी उंदेरी, मग कुलाबा, रेवदंड्याच्या खाडीवर पोर्तुगीजांचा कोर्लई, खाली मुरुडला सिद्दीचा जंजिरा आणि त्याच्या समोर मराठ्यांचा पद्मदुर्ग. साधारण ४५ किमीत एवढी गर्दी! तेव्हा ही बॉर्डरच होती, फक्त कुंपण नव्हतं, नजर आणि तोफ पोचेल तिथवर आपली हद्द.

नजरेचं गणित सोपंय. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किमीवर ते येतं, म्हणजे २५ मीटरवर उभा पहारेकरी साधारण १८ किमी बघतो, आणि समोरच्या जहाजाची डोलकाठी १६ मीटरची असेल तर तिचं टोक त्याला ३२ किमीवरूनच दिसायला लागतं, अर्थात हवा स्वच्छ असेल तर.

म्हणूनच १६७९ च्या ऑगस्टमध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, बंदरात येणारं-जाणारं जहाज आता मराठ्यांच्या डोळ्यासमोरून जाणार ना! त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली, पण त्या जहाजांना खोल पाणी लागायचं आणि मराठ्यांची हलकी गलबतं उथळ पाण्यातून रात्रीची रसद घेऊन सटकायची. खांदेरी काही सुटलं नाही. मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरीच धरलं आणि दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. बाजूचा खडक मोकळा सोडला की हे असं होतं. कुलाब्याला चिकटून छोटा सर्जेकोट आहे तो बहुतेक याच धड्यातून, असं आपलं मला वाटतं.

कुलाब्याची तटबंदी मात्र जवळून बघाच. मोठमोठे दगड नुसते एकावर एक, मधे चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींमधे शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. पद्मदुर्गावर बरोब्बर उलटं, तिथे चुना भरलाय, आणि खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड झिजून आत गेलेत पण चुना तसाच बाहेर उभा, मधाचं पोळं बघितल्यासारखं वाटतं.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं. वेळेचा हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. मी बरोब्बर बाराला पोचलो तर पाणी गुडघ्यापर्यंत! किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या मावशी हसल्या, "अष्टमीला भांगाचं पाणी रे, सगळं नाय उतरत." सूर्य आणि चंद्र तेव्हा काटकोनात असतात, दोघांची ओढ एकमेकांना मारते, त्यामुळे भरतीही कमी आणि ओहोटीही अर्धवट. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, पाणी लांबवर हटतं, पण ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. चपला हातात घेऊन, पँट दुमडून गेलो शेवटी.