वीज किती जळाली, काम किती झालं

भोसरी-पिंपरीतल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक पट्ट्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली, तर त्या दिवशी विजेची मागणी कोसळते आणि उरलेले सहा दिवस ग्रिडवर ताण येतो. म्हणून सुट्टीचे वार वाटून दिले गेले. घरातल्या लग्नाची बोलणीसुद्धा इथे गुरुवार पाहून ठरतात. देशाची ऊर्जा आणि देशाचं उत्पन्न यांचं नातं इतकं रोजच्या जगण्यात उतरलेलं असतं.

श्रीमंत देश दरडोई जास्त ऊर्जा वापरतात, गरीब देश कमी, हे उघड आहे. 2023-24 साली भारताचा दरडोई वीजवापर सुमारे 1,400 युनिट होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. पण ऊर्जा मिळाली म्हणून देश श्रीमंत होतो, की श्रीमंत झाला म्हणून जास्त ऊर्जा वापरतो? 1978 साली क्राफ्ट आणि क्राफ्ट या दोन संशोधकांनी अमेरिकेची 1947 ते 1974 ची आकडेवारी तपासली. त्यांच्या निष्कर्षानुसार आधी उत्पन्न वाढतं, मग ऊर्जेचा वापर. नंतर अनेकांनी वेगवेगळ्या देशांसाठी हेच गणित मांडलं आणि उत्तरं परस्परविरोधी आली. माझ्या मते त्यात नवल नाही, कारण मोजमाप जळालेल्या युनिटचं होतं, त्यातून प्रत्यक्ष झालेल्या कामाचं नव्हतं.

एक टन बिडाचं लोखंड वितळवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने 400 युनिटपेक्षा कमी वीज पुरते. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात बहुधा 550 ते 650 युनिट लागतात. झाकण उघडं राहिलं की उष्णता किरणांच्या रूपाने निघून जाते. स्क्रॅपला माती चिकटलेली असली, की ती तापवण्यात वीज खर्च होते. मोल्ड, म्हणजे ओतायचे साचे, वेळेवर तयार नसले, तर वितळलेलं मेटल भट्टीत तसंच गरम धरून ठेवावं लागतं. कॉम्प्रेसरची कथा याहून वाईट: दाबलेल्या हवेवर खर्च केलेल्या विजेतली जेमतेम 10 ते 15 टक्के उपयोगी पडते, बाकीची उष्णता होऊन जाते. रॉबर्ट आयर्स आणि बेंजामिन वॉर या संशोधकांनी निव्वळ ऊर्जेऐवजी असं प्रत्यक्ष झालेलं काम मोजलं, तेव्हा विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या आर्थिक वाढीशी त्याचा मेळ बराच चांगला बसला.

आणि ते काम हवं त्या क्षणी व्हायला हवं. 2006 साली राज्यभर भारनियमन चालू असताना पुण्याची तूट सुमारे 90 मेगावॅट होती. कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. ते त्यांनी चालवायचे, ग्रिडची वीज शहरासाठी सोडायची आणि वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा, अशी योजना सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने आली आणि वीज नियामक आयोगाने मान्य केली. जनरेटरची वीज ग्रिडपेक्षा कितीतरी महाग, तरी ती परवडली. वीज गेल्याने होणारं नुकसान विजेच्या दरापेक्षा खूप मोठं असतं, हे पुण्याने तेव्हा अनुभवलं.

जर्मनीचं उदाहरण हल्ली वारंवार दिलं जातं. 1990 पासून तिथला प्राथमिक ऊर्जावापर (कोळसा, तेल, वायू अशा सगळ्या मूळ स्रोतांचा मिळून) जवळपास 30 टक्क्यांनी घटला, अर्थव्यवस्था मात्र वाढली. यात चांगल्या यंत्रांचा वाटा खरा आहे. पण क्रँकशाफ्ट, कास्टिंग, पोलाद असा ऊर्जाखाऊ माल बाहेरून घेतला, की तो बनवायला लागलेली ऊर्जा दुसऱ्या देशाच्या खात्यावर पडते. पुण्याच्या फोर्जिंग कारखान्यांतून युरोपात जाणाऱ्या सुट्या भागांमागची वीज भारतातच मोजली जाते. तेव्हा जर्मनीचा आलेख दाखवून भारताला काटकसर शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. आपला ऊर्जावापर वाढणार आहे, वाढायलाच हवा.

त्या वाढीतून काम किती निघेल, हे मात्र मोठ्या कंपन्यांपेक्षा छोट्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या, मालकावर अवलंबून आहे. झाकण बंद ठेवणं, स्क्रॅप झटकून घेणं त्याला उद्यापासून जमेल. नव्या भट्टीसाठी लागणारं कर्ज मात्र त्याला सहज मिळत नाही. वाचणाऱ्या युनिटांच्या हिशेबावर बँकेने कर्ज मंजूर करावं, अशी सोय त्याच्यासाठी व्हायला हवी. वीजबिलात दर महिन्याला होणाऱ्या बचतीतून तो हप्ते फेडू शकेल.