रूब फॉस्टर वेगळा, बिल फॉस्टर वेगळा

बेसबॉलच्या इतिहासात ‘डावखुरा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) रूब फॉस्टर’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं तडकतं. डावखुरा तो बिल, रूबचा सावत्र भाऊ. वडील एक, आया वेगळ्या. रूब १८७९ चा, बिल १९०४ चा. दोघेही शिकागो अमेरिकन जायंट्स या संघाचे, दोघेही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणून सरमिसळ होते. रूबने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग ही कृष्णवर्णीय खेळाडूंची लीग उभी केली, हे सगळ्यांना ठाऊक असतंच.

खरी गफलत आकड्यांत होते. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात कृष्णवर्णीय लीगना मेजरचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. त्यात बिलच्या नावापुढे भरगच्च कामगिरी दिसते, रूबच्या नावापुढे पिचिंगचं जवळजवळ काहीच नाही. लगेच निष्कर्ष: रूब नुसता संघटक, खरा पिचर बिल. साफ चूक! रूबच्या ऐन उमेदीच्या काळात ही लीगच नव्हती, मग आकडे येणार कुठून? १९०३ मध्ये क्यूबन एक्स-जायंट्सकडून खेळताना त्याने फिलाडेल्फिया जायंट्सविरुद्धच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत चार सामने जिंकून दिले. १९०९ मध्ये तो लीलँड जायंट्सकडून मेजर लीगमधल्या गोऱ्यांच्या शिकागो कब्जविरुद्ध उतरला. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला लीलँडकडे ५-२ अशी आघाडी होती. ती पुसली गेली. त्यातच रूब डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) वळलेला असताना प्रतिस्पर्धी धावपटूने होम प्लेट, म्हणजे धाव पूर्ण होते ती जागा, गाठली, पंचांनी ती धाव धरली आणि सामना ६-५ असा हातचा गेला. या सामन्याचा अधिकृत आकड्यांच्या त्या तक्त्यात मागमूस नाही.

आणखी एक चूक मला खटकते: शिकागो अमेरिकन जायंट्सच्या १९२६ च्या विजेतेपदाचं श्रेय रूबला देणं. त्या वर्षी मानसिक आजारामुळे त्याला कँककीच्या इस्पितळात ठेवावं लागलं. संघ चालवला डेव्ह मलार्करने. लीगच्या निर्णायक दिवशी कॅन्सस सिटी मोनार्क्सविरुद्ध दोन्ही सामने जिंकणं भाग होतं. बिलने लागोपाठ दोन्हींत पिचिंग केलं, समोर दोन्ही वेळा मोनार्क्सचा पिचर बुलेट रोगन, आणि मोनार्क्सना एकही धाव करू दिली नाही. पुढे कृष्णवर्णीय लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीजही जायंट्सनीच जिंकली.

एकाच सामन्यासाठी पिचर निवडायचा झाला तर मी बिललाच घेईन, पण ते त्या दिवसामुळे, तक्त्यामुळे नव्हे.