चाकातला एक ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम?

"चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन ग्रॅम," हे रोड बाइकवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतंय. त्याच्या भरवशावर हलक्या कार्बन चाकांवर लोक लाखभर रुपये घालतात. पण यातलं अर्धंच खरं. रिमवरचं वजन जवळपास दुप्पट जाणवतं ते फक्त वेग वाढवताना. चिपळूणहून कुंभार्ली घाट एका लयीत चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. हिशेब करा: स्वार आणि सायकल मिळून 80 किलो, चाकं 400 ग्रॅमनी हलकी, म्हणजे फरक अर्धा टक्का. तासाभराच्या चढात जास्तीत जास्त 18 सेकंद. एवढा वेळ तर वळणावर एसटीला वाट देण्यातच जातो!

किनारपट्टीवर बघायचं ते वेगळंच. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उघड्या रस्त्यावर वारा आडवा येतो आणि खोल, म्हणजे उंच कडेची, रिम असली की हँडल हातातून ओढलं जातं. शिवाय कार्बन गंजत नाही हे खरं, पण त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) खाऱ्या दमट हवेत खाल्लं जातं. स्पोकच्या बुडाशी पांढरी पूड दिसली की समजा. पितळी निपल मागून घ्या, दोन्ही चाकांना मिळून तीसेक ग्रॅमच वाढतात. रिम ब्रेक (थेट रिमलाच आवळणारा) असेल तर कार्बन नकोच, पावसात तो उशिरा धरतो.