बुरशीरोधक मलम

त्वचेच्या वरच्या थरात वाढणाऱ्या बुरशीवर लावायचे औषध. नायटा (गजकर्ण), बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, मान-छातीवरचे शिबे यांवर ते वापरतात. बोलण्यात प्रत्येक ट्यूबला मलमच म्हणतात; पण जांघ, बेचके अशा दमट जागी तेलकट मलमापेक्षा क्रीम बरे, कारण तेलकट थराखाली घाम कोंडतो.

बुरशीच्या पेशीचे आवरण एर्गोस्टेरॉलवर टिकते. माणसाच्या पेशीत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. क्लोट्रिमाझोल (१ टक्का), मायकोनाझोल (२ टक्के), ल्युलिकोनाझोल (१ टक्का) आणि टर्बिनाफिन (१ टक्का) ही औषधे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. त्याआधी व्हिटफील्डचे मलम प्रचलित होते. त्यातले ६ टक्के बेंझॉइक आम्ल बुरशीची वाढ रोखते, तर ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल बुरशी लागलेली कातडीच सोलून काढते. पावसाळ्यात भाजी म्हणून खाल्ला जाणारा टाकळाही नायट्यावरचा जुना उपाय. त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चकंदळ चिरडणारा.

नायट्याचे चकंदळ मधून निवळते आणि कडेने पसरते. त्यामुळे औषध नुसते मध्यभागी लावून भागत नाही. जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत पातळ थर द्यावा लागतो. क्लोट्रिमाझोल साधारणपणे दिवसातून दोनदा, ल्युलिकोनाझोल एकदा लावतात. खाज चार-आठ दिवसांत थांबते, बुरशी मात्र तेवढ्यात मरत नाही. बहुतेकांचा नायटा उलटतो तो इथेच. डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. शिब्यांचे उलटे आहे: बुरशी मेली तरी त्वचेचा रंग परतायला काही महिने लागू शकतात, म्हणून पांढरट डाग दिसतो एवढ्यावरून औषध लांबवण्यात अर्थ नसतो.

भारतात मोठा घोळ झाला तो मिश्र मलमांनी. बुरशीरोधक औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत विरते, माणूस खूश होतो. पण त्वचेचा प्रतिकार दबल्याने बुरशी आतल्या आत फोफावते. चकंदळाची कड पुसट होऊन डॉक्टरलाही रोग चटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी पातळ पडते, तिच्यावर कायमचे वळ उमटतात. ट्यूबवरच्या घटकांत ‘क्लोबेटासोल’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘मोमेटासोन’ दिसले तर ते साधे बुरशीरोधक मलम नव्हे. त्यातच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे; २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालेल्या या बुरशीच्या अनेक वाणांना टर्बिनाफिन दाद देत नाही.

घरात एकाला नायटा झाला की इतरांचीही तपासणी करून बाधितांवर एकाच वेळी उपचार करतात. टॉवेल वेगळे ठेवतात, कपडे उलटे करून उन्हात वाळवतात. कमरेचा ओला करगोटा बुरशीला आयताच आसरा देतो, निदान उपचार संपेपर्यंत तो काढलेला बरा. लसूण किंवा लिंबू चोळल्याने त्वचा भाजते.

मलम लावून जळजळ, सूज किंवा पाणी सुटल्यास ते थांबवतात. डोक्यातला व नखांतला संसर्ग मलमाने सहसा हटत नाही; त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात घेण्याच्या गोळ्या लागतात. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि मधुमेही यांनीही आधी डॉक्टरांना दाखवलेले बरे. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मात्र मलम बाजूला ठेवून कुष्ठरोगाची तपासणी करतात.