छोट्या पेट्रोल हॅचबॅकची घडण : तेल, कर आणि तीन सिलिंडर

आपल्याकडे घरातली पहिली गाडी म्हणून जी घेतली जाते, तिची ठेवण गेली चाळीस वर्षं जवळपास तीच आहे. लांबी चार मीटरच्या आत, बॉनेटखाली आडवं बसवलेलं लहान पेट्रोल इंजिन, ओढ पुढच्या चाकांवर आणि मागे वेगळ्या डिकीऐवजी वर उघडणारं दार, म्हणजेच हॅचबॅक. ही ठेवण कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. इंजिनीअरांनी ती जेवढी घडवली, तेवढीच करखात्यांनी आणि तेलटंचाईने घडवली. किंबहुना करखात्यांचा वाटा थोडा जास्तच म्हणावा लागेल.

सुरुवात १९५६च्या सुएझ संकटापासून करावी लागते. कालवा बंद पडला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी ॲलेक इसिगोनिस यांना अगदी छोटी, पण खरीखुरी चार माणसांची गाडी काढायला सांगितलं. १९५९ साली आलेली मिनी ही ती गाडी. जेमतेम तीन मीटर लांब, ८४८ सीसीचं इंजिन आणि दहा इंची चाकं. इसिगोनिस यांनी इंजिन आडवं फिरवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, इंजिन-तेलाच्या टाकीतच बसवला. त्यामुळे लांबीची केवढी तरी बचत झाली. पण इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरवावं लागे, आणि गिअरच्या दात्यांत सापडून त्या तेलाचा दम लवकर जाई. शिवाय मिनीला मागे दार नव्हतं, छोटीशी डिकी होती. म्हणजे आजच्या हॅचबॅकचं अर्धंच काम झालं होतं.

उरलेलं काम फ्रान्स आणि इटलीत झालं. १९६१च्या रेनो ४ने मागचं मोठं दार सर्वसामान्यांच्या गाडीत आणलं. शेतातली पोती आणि रविवारची सहल, दोन्ही एकाच गाडीत. (या गाडीची एक गंमत अशी की डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सारखं नव्हतं. मागच्या सस्पेन्शनचे, स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे एकापुढे एक आडवे बसवल्यामुळे सुमारे पाच सेंटिमीटरचा फरक पडे. चालवणाऱ्याला तो कधी जाणवत नसे.) इंजिनाचा गुंता सोडवला तो फियाटच्या दान्ते जाकोझा यांनी. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाखाली न घेता त्याच्या शेजारी, एका रेषेत ठेवला. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन दांडे कमीजास्त लांबीचे झाले, पण इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरचं वेगळं राहिलं. हा डाव फसला तर फियाटचं नाव खराब व्हायला नको, म्हणून १९६४ साली ही रचना आधी ऑटोबियांकी या सहयोगी कंपनीच्या प्रिमुला गाडीत आणली. त्या गाडीला मागे वर उघडणारं दारही होतं. आडवं इंजिन, शेजारी गिअरबॉक्स आणि मागे दार हे तिन्ही तिथे एकत्र आलं. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच रचनेच्या आहेत. मिनीचं नाव मोठं झालं, वारसा मात्र जाकोझांचा चालला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल जवळपास चौपट महागलं. तोपर्यंत छोटी गाडी ही कमी ऐपतीची खूण होती. त्यानंतर ती शहाण्याची निवड ठरली. रेनो ५ आणि होंडा सिव्हिक १९७२ मध्येच येऊन बसल्या होत्या, फोक्सवॅगन गोल्फ १९७४ मध्ये आली.

आपल्या गाडीचा थेट वंश मात्र जपानचा. जपानने १९४९ पासूनच छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग कायद्यात केला होता. त्यांना ‘केई’ गाड्या म्हणतात. ठरावीक लांबी-रुंदी आणि ठरावीक सीसीच्या आत राहा, कर कमी भरा. सीसीची मर्यादा १९५५ पासून ३६०, १९७६ पासून ५५० आणि १९९० पासून ६६० होती. सुझुकीने १९५५ साली सुझुलाइट काढली ती याच चौकटीत. पण खरी चलाखी १९७९च्या आल्टोत दिसते. जपानमध्ये तेव्हा प्रवासी गाडीवर १५ टक्क्यांहून अधिक वस्तू कर होता, मालवाहू छोट्या गाडीवर तो नव्हता. मग सुझुकीने आल्टो कागदोपत्री मालवाहू म्हणून विकली. नियमानुसार मागे माल ठेवायला सीटपेक्षा जास्त जागा हवी, म्हणून मागची सीट अगदी अरुंद केली. सुझुकीचा होरा असा की या गाडीत बहुतेक वेळा एक किंवा दोनच माणसं बसणार. किंमत साऱ्या देशात एकच ठेवली, ४ लाख ७० हजार येन. गाडी धो धो खपली. नुकतेच अध्यक्ष झालेले ओसामू सुझुकी त्या एका गाडीने स्थिरावले.

इकडे आपल्याकडे काय होतं? कलकत्त्याजवळ अॅम्बेसेडर, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची पद्मिनी. दोन्ही १९५०च्या दशकातल्या युरोपीय गाड्यांच्या प्रती, उभं इंजिन, मागच्या चाकांना ओढ, वेगळी डिकी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. संजय गांधींची मारुती लिमिटेड १९७१ मध्ये निघाली आणि सत्तरच्या दशकातच बुडाली. सरकारने ती ताब्यात घेऊन १९८१ मध्ये मारुती उद्योग उभारला आणि भागीदार शोधला. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, सुझुकीचा हिस्सा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली गेली.

पहिली मारुती ८०० म्हणजे त्याच १९७९च्या आल्टोचं निर्यातीचं रूप, माल वाहायची अट नसलेलं. १९८६ मध्ये अंगावरचा पत्रा बदलून ती नव्या पिढीच्या आल्टोसारखी झाली आणि तेच रूप आपल्या डोळ्यांत बसलं. इंजिन मात्र तेच राहिलं : एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, चाळिसाच्या आतबाहेर अश्वशक्ती.

या इंजिनाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ७९६ सीसी चार सिलिंडरमध्ये वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेच्या आसपास आले असते, तिनांत वाटल्याने ते सुमारे २६५ झाले. मोठ्या सिलिंडरमध्ये आतल्या वायूच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता कमी वाया जाते. एक पिस्टन कमी, म्हणजे घासणाऱ्या रिंगाही कमी. दुसरी गोष्ट थ्रॉटलची. पेट्रोल इंजिनाला हवा एका झडपेतून ओढून घ्यावी लागते. मोठ्या इंजिनाची गाडी शहरात चालवताना ती झडप बहुतेक वेळ जवळजवळ बंद असते आणि इंजिनाची काही ताकद नुसती हवा ओढण्यात खर्ची पडते. लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून हे नुकसान कमी. त्यात गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात. तीन सिलिंडरचा तोटाही आहे : इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलतं आणि न्यूट्रलवर उभी असताना तो थरथराट स्टीअरिंगमध्ये येतो. ८०० चालवलेल्या कुणालाही तो ओळखू येईल.

साधेपणाचा दुसरा फायदा गॅरेजमध्ये कळला. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, चोकची दांडी, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, तीन प्लग. तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही दोन-चार पान्यांवर सगळं उघडू शके. १९८५ नंतर येन वधारत गेला तसे जपानहून येणारे सुटे भाग महागले आणि ते इथेच बनवण्याची निकड वाढली. गुडगावभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. पुढे येणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीला ही तयार साखळी मिळाली.

१९९८ हे वर्ष महत्त्वाचं. ह्युंदाई सॅन्ट्रो आणि देवू मॅटिझ आल्या, आणि वर्ष सरता सरता पुण्यातून टाटांची इंडिका. उंच बसण्याची जागा आणि कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं इंधन इंजेक्शन) ही सॅन्ट्रोची जमेची बाजू होती. एमपीएफआयला लगेच कायद्याची जोड मिळाली : १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात प्रदूषणाची युरो मानकं लवकर लागू करायला लावली. कार्ब्युरेटरने ती गाठणं कठीण होतं, म्हणून ८०० लाही इंधन इंजेक्शन घ्यावं लागलं आणि चोकची दांडी इतिहासजमा झाली.

मग आला २००६चा अर्थसंकल्प. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के. बाजाराचा चेहरा या एका ओळीने बदलला. मारुतीची स्विफ्ट २००५ मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन १२९८ सीसीचं होतं, २०१० मध्ये ते ११९७ सीसीचं झालं. फोर्ड फिगो, फोक्सवॅगन पोलो, होंडा जाझ यांची पेट्रोल इंजिनं ११९६ ते ११९८ सीसीची निघाली, हा योगायोग नव्हे. सेडान म्हणजे वेगळ्या डिकीच्या गाड्यांच्या डिक्या कापून चार मीटरच्या आत बसवल्या गेल्या. त्यातल्या काही इतक्या बेढब दिसत की गाडी मागून बघवत नसे.

टाटांच्या नॅनोबद्दल इथे फार लिहायची गरज नाही. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे होतं आणि २००९च्या पहिल्या नॅनोला मागचं दार उघडतच नव्हतं. दिसायला हॅचबॅक, वापरायला नाही. ते दार उघडायला २०१५ उजाडलं.

मारुती ८०० ला उतरती कळा लावली ती प्रदूषण मानकांनी. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह निवडक शहरांत बीएस-४ (भारत स्टेज ४) हे मानक लागू झालं आणि तिथे ती मिळेनाशी झाली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच थांबलं. मधल्या काळात पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं, डिझेलचं राहिलं, आणि दरातली दरी एवढी वाढली की छोट्या गाडीतही लोक डिझेल मागू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं, दरी बरीच कमी झाली. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर छोट्या डिझेल इंजिनाचं शुद्धीकरण इतकं खर्चिक झालं की मारुतीने डिझेलच बंद केलं. साधं पेट्रोल इंजिन परत गादीवर बसलं.

मायलेजच्या आकड्यांचं काय? जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीचा असतो, आणि अशी चाचणी घेणारी मुख्य संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया). गाडी रोलरवर चढवून ठरावीक क्रमाने चालवतात, एसी बंद, वेग ताशी ९० किलोमीटरच्या आत. आकडा खोटा नसतो, पण तो दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा. महिन्याचा खर्च काढायला तो कामाचा नाही.

२०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची चाचणी सक्तीची झाली. आठशे सीसीचं इंजिन नव्याने तयार करण्याचा खर्च त्याच्या किमतीत बसेना, म्हणून मारुतीची आल्टो ८०० थांबली. आता सुरुवातच एक लिटरच्या तीन सिलिंडरपासून होते. एअरबॅग, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक), धडकेच्या कसोट्या यांमुळे गाडी सुरक्षित झाली, हे चांगलंच, पण जडही झाली आणि महागही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकर गेला. रेषा तीच, चार मीटर आणि १२०० सीसी. त्याच महिन्यात इंधन बचतीच्या पुढच्या मानकांचा मसुदा निघाला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन उत्सर्जनात थोडी सवलत सुचवली होती. यावर कंपन्यांत लगेच दोन तट पडले. हलक्या गाड्या विकणाऱ्यांना ती हवी होती. बाकीच्यांचं म्हणणं होतं की सुरक्षेसाठी वजन वाढवणाऱ्याला ही शिक्षा कशासाठी.