वर्तुळमार्ग आणि परिघमार्ग: नागरिकांना नेमके काय विचारायचे?

शहराच्या मध्यभागी न शिरता एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात नेणारी बससेवा आखायचे ठरले की नकाशावर सर्वप्रथम एक गोल काढला जातो, आणि पुढची सगळी चर्चा त्या गोलाविषयीच होत राहते. प्रत्यक्षात त्या एका रेषेखाली दोन वेगळ्या सेवा असू शकतात. वर्तुळमार्गावरची बस शहराला पूर्ण फेरा घालून जिथून निघाली तिथेच परत येते. तिला शेवटचा थांबा नसतो. परिघमार्गावरची बस मध्यवर्ती भाग टाळून दोन ठिकाणे जोडते आणि तिला दोन टोके असतात; अशा अनेक मार्गांची साखळी जोडली तर शहराभोवती कडे पूर्ण होईलही, पण ते झालेच पाहिजे असे नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला दोन्ही सारख्याच दिसतात. मात्र त्यांचे वेळापत्रक, त्यांना लागणाऱ्या गाड्या आणि त्यांच्याविषयी नागरिकांना विचारायचे प्रश्न वेगळे असतात. हा फरक प्रस्ताव मांडतानाच सांगितला नाही, तर लोक एका सेवेविषयी मत देतात आणि प्रशासन दुसरीविषयी निर्णय घेते.

वर्तुळमार्गाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बर्मिंगहॅमचा ११ क्रमांकाचा बाह्य वर्तुळ मार्ग. १९२६ पासून सुमारे ४२ किलोमीटरचा पूर्ण फेरा घालणारी ही बस त्या शहराची ओळख बनली. फेऱ्याला दोन तासांहून अधिक वेळ लागत असे, आणि केवळ शहर पाहण्यासाठी अख्खा फेरा मारणारे हौशी प्रवासीही तिला लाभले. तरीही २०२१ मध्ये हा फेरा एका ठिकाणी तोडण्यात आला आणि ते ठिकाण ओलांडून पुढे जाणाऱ्यांना बस बदलणे भाग पडले. रेल्वेतही हेच घडले आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेची सर्कल लाइन डिसेंबर २००९ मध्ये पूर्ण वर्तुळ राहिली नाही. तिला हॅमरस्मिथपर्यंत एक शेपूट जोडून दोन टोके देण्यात आली, आणि त्यामागचे मुख्य कारण गाड्या वेळेवर धावाव्यात हेच होते.

कारण समजून घेण्यासाठी एकाच बसकडे बारकाईने पाहावे लागते. दर १० मिनिटांनी धावणाऱ्या मार्गावर एखादी बस सिग्नलला ४ मिनिटे अडकली, की पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे लोक नेहमीपेक्षा जास्त साचलेले असतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून उशीर ५ मिनिटांचा होतो, आणि त्यापुढच्या थांब्यावर आणखी लोक साचतात. तिच्यामागच्या बसला मात्र कमी प्रवासी मिळतात, ती लवकर पुढे सरकते आणि अखेरीस दोन्ही एकामागोमाग एक धावू लागतात. दोन टोके असलेल्या मार्गावर हा क्रम शेवटच्या थांब्यावर तुटतो, कारण तेथे वेळापत्रकात राखून ठेवलेली मोकळी मिनिटे उशीर गिळून टाकतात आणि परतीची फेरी वेळेवर सुटते. वर्तुळाला असा थांबाच नसतो, त्यामुळे सकाळचा उशीर पुढच्या फेऱ्यात जातो. मोकळा वेळ ठेवायचाच म्हटले तर एखाद्या थांब्यावर बस प्रवाशांसह उभी ठेवावी लागते, आणि कामावर निघालेल्या माणसाला सुरू न होणाऱ्या बसमध्ये बसवून ठेवण्याइतकी चीड आणणारी गोष्ट बससेवेत दुसरी नाही. चालकांची पाळी बदलणे आणि त्यांना स्वच्छतागृह मिळणे, या साध्या गरजांसाठीही कुठेतरी थांबावेच लागते.

मग वर्तुळ तोडून मार्गांची साखळी करणे हा सरळ उपाय वाटतो, पण तो फुकट मिळत नाही. १२० मिनिटांचा फेरा आणि दर १० मिनिटांनी बस, असे धरले तर एका दिशेला १२ आणि दोन्ही दिशांना मिळून २४ गाड्या लागतात. तोच फेरा ३० मिनिटांच्या चार तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक टोकाला ५ मिनिटे मोकळी ठेवली, तर एका तुकड्याची जाऊन-येऊन वेळ ७० मिनिटे होते, म्हणजे ७ गाड्या; चार तुकड्यांना २८. तुकडे एकमेकांवर थोडे चढवले, म्हणजे सांध्याच्या (दोन तुकडे जेथे मिळतात त्या थांब्याच्या) दोन्ही बाजूंचा काही भाग दोन्ही मार्गांनी व्यापला, तर आणखी गाड्या लागतील. या खर्चाच्या बदल्यात नियमितपणा मिळतो, आणि जेथे गर्दी जास्त त्या तुकड्यावर बस वाढवण्याची मुभा मिळते, जी अखंड वर्तुळात सहज मिळत नाही. माझ्या मते बहुतेक मोठ्या शहरांसाठी हा सौदा योग्य आहे; मात्र तो सौदा आहे हे नागरिकांना सांगितले पाहिजे.

पूर्ण वर्तुळ किती जणांच्या कामाचे असते, याचे उत्तर साध्या भूमितीत सापडते. शहर गोल आहे आणि वेग सर्वत्र सारखा आहे असे धरू. परिघावरच्या एका ठिकाणाहून मध्यभागी येऊन दुसऱ्या ठिकाणी गेल्यास दोन त्रिज्यांएवढे अंतर पडते. परिघाने गेल्यास अंतर दोन ठिकाणांमधल्या कोनाप्रमाणे वाढत जाते, आणि सुमारे ११५ अंशांच्या पुढे ते दोन त्रिज्यांहून अधिक होते. म्हणजेच वर्तुळाच्या जेमतेम एक तृतीयांशापर्यंतच्या प्रवासालाच परिघावरून जाणे अंतराच्या दृष्टीने परवडते. त्यापुढे मध्यभागातून जाणारा रस्ता जवळचा पडतो. मध्यभागातील कोंडी आणि तेथे करावी लागणारी बदली, म्हणजे एक बस सोडून दुसरी पकडणे, लक्षात घेतली तर ही मर्यादा थोडी पुढे सरकते, पण अर्ध्याहून अधिक वर्तुळ फिरण्याचे कारण कोणालाच नसते, कारण उलट दिशेची बस लवकर पोहोचवते. त्यामुळे रेषा पूर्ण जोडलेली असण्यापेक्षा, माणूस जेथे उभा आहे तेथून पुढचा तिसरा हिस्सा बस न बदलता गाठता येणे महत्त्वाचे ठरते. सांध्याजवळ राहणाऱ्यांना नेमके हेच मिळत नाही, म्हणून सांधा कुठे ठेवायचा हा या नियोजनातला खरा वादाचा मुद्दा आहे.

परिघमार्गांची साखळी अलीकडे दोन शहरांनी मोठ्या प्रमाणावर उभारली. लंडनच्या महापौरांनी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सुपरलूप या बसमार्गांच्या जाळ्याच्या नकाशात वर्तुळ ठळक दिसते, पण कोणतीही एक बस ते पूर्ण करत नाही. क्रॉयडन ते हीथ्रो हा जुना एक्स-२६ मार्ग एसएल-७ झाला, इतर तुकडे त्याला जोडले गेले, आणि एसएल-६ तर परिघावरची नसून मध्य लंडनकडे जाणारी बस आहे. डब्लिनमध्ये नव्या जाळ्यात उत्तरेला एन, दक्षिणेला एस आणि पश्चिमेला डब्ल्यू या अक्षरांचे परिघमार्ग आहेत. एस-६ ही बस टाला आणि ब्लॅकरॉक ही उपनगरे जोडते. आतल्या भागातील नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रोडसाठी मात्र त्याच आराखड्यात ओ नावाचा खराखुरा वर्तुळमार्ग आखलेला होता. लहान परिघाला वर्तुळ आणि मोठ्या परिघाला साखळी, ही वाटणी मला पटते, कारण फेरा जितका लहान तितका उशीर साचायला वाव कमी.

परिघमार्गाचे यश तो मध्यभागाकडे जाणाऱ्या किती मार्गांना छेदतो आणि त्या प्रत्येक छेदावर बस किती लवकर मिळते यावर ठरते. मध्यवर्ती स्थानकावर सगळ्या बस एकाच वेळी आणून बदली जुळवता येते. परिघावर ते जमत नाही, कारण एका छेदावर वेळ जुळवली की पुढच्या छेदावर बिघडते. म्हणून वारंवार धावणारी बस हाच मार्ग उरतो. दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते, दर ३० मिनिटांनी असेल तर १५. तासाला दोन बस असलेला परिघमार्ग नकाशावर कितीही देखणा असला तरी बदलीसाठी त्यावर कोणी विसंबत नाही.

आता नागरिकांच्या सहभागाकडे वळू. या सेवेची एक मोठी अडचण अशी की तिचे भावी प्रवासी आज एकत्र कुठेच नसतात. सध्याच्या बसचे प्रवासी थांब्यावर भेटतात, त्यांची संघटना असते, त्यांची बस बदलणार असेल तर ते सभागृह भरून टाकतात. परिघाने जाऊ शकणारे मात्र कोणी स्वतःच्या वाहनात असतात, कोणी मध्यभागातून वळसा घेत असतात, कोणी लांब पडते म्हणून नोकरीच नाकारलेली असते. डब्लिनमध्ये २०१८ च्या पहिल्या आराखड्यावर सुमारे ३०,००० निवेदने आली आणि शहराकडे जाणारी थेट बस जाऊन बदली करावी लागेल, ही भीती त्यांत ठळक होती. तेथील वाहतूक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुधारित आराखडा पुन्हा लोकांपुढे ठेवला, त्यात काही थेट जोडण्या परत दिल्या, आणि २०२० मध्ये अंतिम जाळे जाहीर केले. दुसऱ्यांदा विचारण्याचा हा खटाटोप वेळखाऊ असतो, पण त्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. ज्यांचा आवाज आपोआप येत नाही त्यांच्याकडे स्वतःहून जावे लागते: रुग्णालयातील पाळी बदलण्याच्या वेळी, महाविद्यालयाच्या दारात, प्रस्तावित छेदांवरच्या थांब्यांवर.

इंग्लंडमध्ये ब्रेंट या स्थानिक संस्थेविरुद्धच्या १९८५ च्या गनिंग खटल्यातून सल्लामसलतीची चार तत्त्वे रूढ झाली आणि २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारावे, विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणे द्यावीत, पुरेसा अवधी द्यावा आणि आलेली मते निर्णयापूर्वी मनापासून विचारात घ्यावीत. बसमार्गाला ही कसोटी लावली की कच्चे दुवे लगेच दिसतात. गाड्यांची मागणी नोंदवून, थांब्यांचे खांब रोवून झाल्यावर मते मागवली तर लोकांच्या हाती ठरवण्यासारखे काहीच उरत नाही.

‘आपल्या शहराभोवती वर्तुळाकार बससेवा असावी का?’ हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. त्याला बहुतेक जण ‘हो’ म्हणतील, आणि त्या होकारातून वर्तुळ हवे की साखळी, हे कळणार नाही. वर्तुळमार्गाचा प्रस्ताव असेल तर विचारावे: बस वेळेवर राहावी म्हणून एका थांब्यावर ६ मिनिटे उभी राहिली तर चालेल का, आणि तो थांबा कोणता असावा? परिघमार्गाचा असेल तर विचारावे: आपण सकाळी कोणत्या थांब्यावरून कोणत्या थांब्यावर जाता, या दोन ठिकाणी मार्ग तोडल्यास आपल्याला बस बदलावी लागेल का, आणि या मार्गासाठी सध्याच्या कोणत्या फेऱ्या कमी होणार आहेत हे आपल्याला ठाऊक आहे का? शेवटच्या प्रश्नासोबत त्या फेऱ्यांची यादी त्याच पानावर छापलेली असावी.

सांध्याची जागा ठरवताना कागदावर तीन गोष्टी शेजारी शेजारी असाव्यात: तेथून बसमध्ये बसून पुढे जाणाऱ्यांची संख्या, बस उभ्या करायला जागा, आणि छताखाली, उजेडात, रस्ता न ओलांडता दुसरी बस पकडता येईल की नाही. पहिली गोष्ट सध्याच्या तिकीट नोंदींवरून मोजता येते, दुसरी पाहणीतून कळते; तिसरी मात्र तेथून रात्री उशिरा, लहान मूल किंवा कुबड्या घेऊन प्रवास करणाऱ्यांनाच विचारावी लागते. निर्णय जाहीर करताना कोणत्या सूचनेमुळे सांधा कोणत्या थांब्यावरून कोणत्या थांब्यावर हलला आणि कोणती सूचना कोणत्या कारणाने मान्य झाली नाही, हे थांब्यांच्या नावांनिशी लिहून त्याच थांब्यांवर लावावे.